तात्यांच्या हातची भवानी

तात्या रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन आपल्या आधार कार्डाची झेरॉक्स काढत. एकच प्रत. ती कशाला लागायची? कशालाही नाही. महाडच्या बाजारपेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शटर वर करून मी उदबत्ती लावते न लावते तोच पांढरा सदरा दारात उभा राही. "काढ गो बाय," म्हणत तात्या कार्ड पुढे करीत. प्रत हातात आली की तिची घडी खिशात आणि दोन रुपयांचं नाणं माझ्या तळहातावर. झाली माझी भवानी. माझ्याकडे त्यांच्या उपयोगाचं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ते बिचारं आधार कार्ड. त्यावरच्या फोटोत ते चोरासारखे दिसत आणि मी तसं त्यांना सांगेही. "कंडक्टरचा फोटो अस्साच येतो," ते म्हणत.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, हे कुणाला सांगायला नको. पण आमच्या गल्लीत तिचं प्रस्थ किती, ते सांगायला हवं. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करणारं निघालं की दिवस फुकट. उधारी मागणारं निघालं की आठवडा फुकट. आणि तात्यांच्या हातची भवानी झाली की दिवस सोन्याचा, असा गल्लीचा पक्का समज. सुरुवात झाली भांडीवाल्या शेठपासून. सावित्री नदीच्या पुराचं पाणी गल्लीत शिरून गेलं, गाळ उपसून शेठनी दुकान पुन्हा उघडलं, त्या सकाळी पहिले आत शिरले ते तात्या. त्यांनी एक पळी घेतली, रोख पैसे दिले, आणि मग संध्याकाळपर्यंत शेठना पाणी प्यायला फुरसत मिळाली नाही. आता घराघरांतली भांडी पुरात गेलेली. लोक भांडी घेणार नाहीत तर काय करणार? पण शेठना हे कोण सांगणार! त्यांनी तात्यांचा उजवा हात धरून कपाळाला लावला. मग साडीवाल्यांनी बोलावलं, चपलवाल्यांनी बोलावलं, आणि बघता बघता तात्या अख्ख्या गल्लीचे झाले.

तात्या एसटीत कंडक्टर होते. वरंधच्या आणि पोलादपूरच्या गाड्यांवर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर बरीच माणसं घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात खोड्या काढतात. तात्यांना ही गल्ली मिळाली. "हात माजा नाय गो, येळ चांगली व्हती," असं मला हळूच सांगत, पण सदऱ्याला कडक इस्त्री असे आणि दाढी गुळगुळीत. एखाद्या दुकानापुढे दोनच माणसं उभी असली तरी "चला, पुढं सरका" म्हणून आत शिरत. खिशात सुट्ट्या पैशांची पिशवी. भवानीला मोड मागायची नाही, भाव पाडायचा नाही, आणि नको असलेली वस्तू घेतली तरी तोंड वाकडं करायचं नाही, हे त्यांचे नियम. एकदा चिल्लर संपली म्हणून त्यांनी शेठना मोबाइलवरून पैसे पाठवले. गल्ल्यावरचा डबा बोलला, पैसे आल्याचं त्याने ठणकावून सांगितलं, पण शेठ कासावीस. कपाळाला लावायचं काय? शेवटी त्यांनी तो बोलका डबाच उचलून कपाळाला टेकवला. तात्या पोट धरून हसले, आणि माझ्याकडून नाणं उसनं नेऊन त्यांनी पुन्हा रोखीने एक चमचा घेतला.

काकींना हे सगळं थोतांड वाटे. काकी म्हणजे तात्यांची बायको, उमरठच्या बाजूची, बोलायला फटकळ. "आमच्या ह्यांचा हात येवढा गुणाचा, तर घरात कवा लावतील?" असं त्या विचारीत. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. घर माडीवर, एकेक पायरी उतरताना कठडा धरून तोंडाने देवाचं नाव. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. तात्यांच्या निवृत्तीचे पैसे पोस्टात होते, त्यातून ते करायचं ठरलं होतं. दवाखान्याच्या कागदांच्या प्रती काढायला त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा म्हणाल्या, "पुढचा शिमगा झाला की करनार. मंग मी रायगड चढनार, बघ तू." मी म्हटलं, काकी, रोपवेने जा. तर म्हणाल्या, "पैशे देऊन गुडगे नवे करायचे आन् परत पैशे देऊन पाळन्यात बसायचं व्हय?"

त्याच वर्षी बाजार बसला. कसा बसला ते कुणालाच नीट कळलं नाही. एमआयडीसीत कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या, मुंबईहून वाड्यांवर येणारे पैसे आटले, आणि ज्यांच्याकडे पैसे होते तेही मुठी आवळून बसले. गणपतीला चाकरमानी आले, पण पिशव्या हलवत आले आणि हलवतच गेले. साडीवाले गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग टाकत आणि गिऱ्हाईक नुसता पदर चाचपून "बघून येतो" म्हणे. शेठचा मुलगा मोबाइलवर शेअरचे भाव बघत बसे. ते पडले की म्हणे, आता घ्यायची वेळ आहे, आणि आणखी पडले की गप्प होई. शेठ म्हणत, "पुराचं पाणी दिसत तरी होतं. हे दिसत पण नाही आणि उतरत पण नाही."

अशाच एका सकाळी तात्या नेहमीप्रमाणे शेठकडे चमचा घ्यायला गेले. शेठ थट्टेत म्हणाले, "तात्या, चमच्याच्या भवानीने आता भागत नाही हो. काहीतरी मोठं काढा." मी समोरच होते, मीसुद्धा हसले. तात्या मात्र हसले नाहीत. ते घरी गेले, तासाभराने परत आले आणि त्यांनी कुकर घेतला. नशिबाचा खेळ असा, की त्याच दिवशी शेठचे आणखी दोन कुकर गेले. झालं! थट्टेचा नियम झाला. साडीवाले म्हणू लागले, "रुमालाने काय होणार तात्या?" चपलवाले म्हणू लागले, "स्लिपर नको, बूट घ्या." आणि तात्या घेत गेले. मिक्सर, टेबलफॅन, पैठणीच्या काठाची साडी, त्यांच्या पायाला कधीच न होणारे बूट.

मी एकदा विचारलं, "तात्या, एवढं सगळं कशाला?"

"लोकं शेअर बाजारात टाकतात पैशे. मी आपल्या बाजारात टाकतो."

"आणि बुडाले तर?"

त्यांनी गल्लीकडे बघितलं. दहा वाजले होते आणि गल्लीत एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं. "ही गल्ली बंद पडली तर सकाळी उठून मी जाऊ कुठं, सांग." मी मशीनमध्ये कागद भरू लागले. मला वाटलं, त्यांची मुलगी पाठवत असेल पैसे. पनवेलला चांगली नोकरीला आहे.

मग एका सकाळी तात्या आलेच नाहीत. मशीन गरम होऊन बसलं, दुसरंच गिऱ्हाईक आलं आणि दहावीच्या मार्कशीटने माझी भवानी झाली. दुपारी कळलं, तात्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभ जड झाली आणि उजवा हात गेला. तोच उजवा हात.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. माडीचा जिना चढून दारात उभी राहिले आणि आत पाऊलच टाकवेना. दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीच्या कडेने आढ्यापर्यंत खोकी. कुकर, मिक्सर, पंखे, साड्यांच्या पिशव्या, सगळं आमच्या गल्लीचं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. खाटेवर तात्या, भिंतीकडे तोंड केलेले. काकी जमिनीवर बसलेल्या, सुजलेले पाय पुढे पसरून.

"ह्ये मला काय बोलले म्हायतीय तुला?" काकी म्हणाल्या. "शेठनं ठेवायला दिलंय, बोलले. आपलं घर माडीवर, हितं पानी चढत नाय, दुकानात वल येती म्हनून. मला वाटलं खरंच. पुरापासनं कितीजनांनी ठेवलेला आपल्याकडं माल." त्या थांबल्या. "मी रोज फडक्यानं पुसायची गो. परक्याचा माल, काय डाग पडला तर आपल्यावर नाव नको. पाव्हन्यांच्या पोरास्नी हात लावू दिला नाय."

"मग?"

"दवाखान्याला पैशे काढायला मी पोस्टात गेले. तितं काय बी नाय. समदं हितं हाय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. बाईने आपल्याच गुडघ्यांचे पैसे परक्याचा माल म्हणून महिनोन्‌महिने पुसून ठेवले होते! तात्यांचा मला भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्या पाठीकडे बघून रडूही आलं. ती पाठ हलत होती.

मी तशीच गल्लीत गेले आणि शेठना सगळं सांगितलं. वाटलं होतं, माणूस हादरेल. हादरले, खोटं का बोला. चेहरा उतरला त्यांचा. पण मी म्हटलं, निम्मा माल तरी परत घ्या, तर भिंतीवरच्या 'माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बघून म्हणाले, "विकलेला माल परत घ्यायला लागलो तर आज माझ्याकडे उरेल काय? मी काय त्यांना जबरदस्ती केली होती?" साडीवाले म्हणाले, फॅशन बदलली. ज्या माणसाचा हात या लोकांनी कपाळाला लावला होता, त्याच्याबद्दल ही भाषा!

काकींनी मात्र कुणाकडे पदर पसरला नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांच्या भाच्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. माझ्याच दुकानापुढे त्यांनी ताडपत्री अंथरली आणि सगळी खोकी मांडली. तात्यांना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवून आणलं होतं. मी म्हटलं, काकी, अहो रस्त्यावर? "पोरपनी करवंदं इकलीत मी रस्त्यावर. ह्यात काय येगळं हाय?" आणि त्यांनी मोठ्याने भाव पुकारला. शेठच्या भावापेक्षा बराच खाली.

माणसं जमली. वाड्यांवरून उतरलेल्या बायका, कारखान्याची पाळी नसलेले बाप्ये. कुकर उचलून बघत, झाकण फिरवून बघत आणि ठेवून देत. दुकानदार आपापल्या पायऱ्यांवर उभे होते. पहिला पैसा काढायला कुणाचा हात होईना. जो येई तो "अजून कमी करा ना" म्हणे आणि पुढचा काय करतो ते बघत राही. काकींच्या कपाळावर घाम आला होता. हा माल असाच परत माडीवर गेला असता, तर तो जिना त्या पुन्हा कशाने उतरणार होत्या?

तेवढ्यात टेम्पोच्या पत्र्यावर टकटक झाली. तात्या नाण्याने पत्रा वाजवत होते. सगळ्यांनी माना वळवल्या.

"गा... गाळनी दे," तात्या म्हणाले.

"घरात दोन हायत," काकी म्हणाल्या.

"दे गो."

काकींनी खोक्यातून चहाची गाळणी काढली, लंगडत टेम्पोपाशी गेल्या आणि भाव सांगितला. तात्यांनी भाव पाडला नाही. उजवा हात मांडीवर पडलेला होता. त्यांनी डाव्या हाताने नाणी पुढे केली. मागे कुणीतरी "डाव्या हाताची भवानी..." असं म्हणून जीभ चावली. काकींनी तात्यांकडे बघितलं. जन्मभर ज्या बाईने या प्रकाराला थोतांड म्हटलं, तिने ती नाणी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली, डोळे मिटले आणि कपाळाला लावली.

मग एका बाईने कुकर उचलला आणि पैसे मोजले. तिच्यामागे दुसरीने. जेवणवेळेपर्यंत ताडपत्रीवर फक्त ते बूट उरले होते. मंदी होती, घ्यायचं मन मात्र लोकांचं मेलं नव्हतं. परवडेल असा भाव ऐकल्यावर पदराच्या गाठी सुटल्या. आलेल्या पैशांत दोन गुडघे बसणार नव्हते, एक बसणार होता. काकी म्हणाल्या, "एक तर एक. लंगडीत तरी जिंकीन."

मुलीने दोघांना पनवेलला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी भांडीवाले शेठ माझ्या दुकानात आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तात्यांना सांग ना, जाताजाता सकाळी एकदा आमच्याकडे... डाव्या हाताने चालेल."

या माणसाला हसावं की याच्या तोंडावर शटर ओढावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निरोप मी पोचवायला नको होता, पण जिभेला हाड नाही. रागारागाने काकींना सांगायला गेले, आणि खाटेवरच्या तात्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी लकाकले. ते डाव्या हाताने सदरा चाचपू लागले. काकींनी ते बघितलं. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार.

दुसऱ्या दिवशी टेम्पो निघताना माझ्या दुकानाशी थांबला. तात्या भाच्याच्या खांद्यावर हात टाकून उतरले. कडक इस्त्रीचा सदरा, बटणं एक घर चुकलेली. शेठ पायरीवर येऊन उभे होते. काकींनी टेम्पोतूनच कमरेची पिशवी सोडली, तात्यांच्या डाव्या तळहातावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जावा. पन फकस्त झेराक्सवालीकडं."

तात्यांनी आधार कार्ड पुढे केलं. मी काचेवर ठेवलं, प्रकाश सरकला आणि तो चोराचा चेहरा बाहेर आला. त्यांनी नाणं दिलं. भवानीबिवानी मी कधी मानली नव्हती. मी ते नाणं कपाळाला लावलं, आणि ते तिथून काढवेना.

"चला," तात्या कसेबसे म्हणाले, "पुढं सरका."