मांडीवरच्या बाळाची तीट

माय गेली त्याला महिना होत आला. शेवटची भेट झाली तेव्हा ती अमरावतीच्या घरात खाटेवर पडून होती. मी अकोल्याहून आल्या आल्या नेहमीसारखं भिंतीवरच्या त्या चित्राकडे रागानं पाहिलं. कागदावरच्या चित्राशी जन्मभर वैर धरणारी मी एकटीच असेन.

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतला माझा जन्म. कापूस खरेदीला आलेल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माय त्याच्या तान्ह्या मुलाला दूध पाजायला जायची. मी घरी, शेजारच्या मथुराकाकूजवळ, शेळीच्या दुधावर. बंगल्यात विलायतेहून फॅशनची मासिकं यायची. त्यातल्या एका पानावर देशोदेशीच्या माता काढल्या होत्या. विलायतेची आई खुर्चीत बसलेली, कंबर मुठीत मावेल एवढी, मांडीवर गुबगुबीत बाळ. हिंदुस्थानची म्हणून दाखवलेली बाई दागिन्यांनी मढून विहिरीवर उभी, आणि तिचं पोर लांब मातीत बसलेलं. हे सांगताना माय पोट धरून हसायची. "पाणी भराले एवढं लेऊन कोन जाते वं? अन् या मडमेच्या झग्यावर दुधाचा एक डाग नाई. पोराले काय उपाशी ठेवते?" मग जरा थांबून म्हणायची, "पाजनारी त काढलीच नाई कोनी..."

एक दिवस मायनं त्या मांडीवरच्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावली. पान खराब केलं म्हणून साहेबाची मडम आधी चिडली, मग हसली आणि ते पान तिनं मायलाच देऊन टाकलं. तेव्हापासून ते आमच्या भिंतीवर. दर अमावास्येला माय आधी मला तीट लावायची, मग त्या बाळाला. मी मोठी झाले, माझी तीट बंद झाली. बाळाची चालूच राहिली. साहेबाच्या पोरात तिचा जीव अडकलाय, असं मला वाटायचं. माझ्या वाटचं दूध तर त्यानं नेलंच होतं... फार जळायचे मी.

त्या शेवटच्या दिवशी बोलूनच गेले. "अजून त्या साहेबाच्या पोराचीच काळजी हाय काय तुले?"

मायनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "थे साहेबाचं काहून असन? थे तू होय वं. मी दिवसभर तिकडं. तुले कोनाची नजर लागली त? म्हनून त्याले लावली."

"मंग त्या विहिरीवरच्या आपल्या बाईच्या पोराले लावाची."

"थे खाली ठेवलं होतं," माय म्हणाली. "मले तू मांडीवर पाह्यजे होती."

मी तिचा हात धरून बसून राहिले.

ते पान आता अकोल्याला माझ्याकडे आहे. परवा अमावास्या होती. काजळाची डबी घेऊन मी चित्रासमोर उभी राहिले. इतक्या वर्षांच्या काजळानं बाळाचा गाल काळा ठिक्कर झालाय, बोट टेकायला जागा नाही. त्याला मांडीवर घेतलेल्या आईचा गाल मात्र कोराच होता. आईला कुणी तीट लावत नाही.

मी लावली.