गोधडीवरचा ड्रम

माझी बायको उर्वशी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रक्ताला ती घाबरत नाही, विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकते, आणि दारू पिऊन दवाखान्यात गोंधळ घालणाऱ्यांना अशी दरडावते की ते चपला सोडून पळतात. तिला भीती फक्त एका माणसाची, तिच्या वडलांची. आणि त्या माणसानं आयुष्यात तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही. माझं म्हणाल तर मी सगळ्यांनाच घाबरतो, त्यामुळे माझं काही विशेष नाही.

माझे सासरे बाबाराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यापासून ते दिग्रसला आमच्याकडेच असतात. खाण्यापिण्याची कटकट नाही, पेपर वाचतात, नातवंडांची गणितं तपासतात. त्यांचा नियम एकच. वाजवायचं वाद्य घरात येणार नाही. गल्लीतून वरात निघाली की ते उठून एकेक खिडकी लावतात आणि खुर्चीत बसून राहतात. तेव्हा त्यांचे हात थरथरतात. आमच्या लग्नात बँड लावायचा हट्ट माझ्या मामानं केला, तर लग्नच मोडायची पाळी आली होती.

कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कोणी नाही. बाबारावांचे वडील तानबा गावचं डफडं वाजवायचे. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की डफडं गळ्यात अडकवून निघायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबाराव लहान असताना त्यांची तान्ही बहीण तापानं गेली. तिला पुरून घरी आले, तर दारात माणूस उभा. पाटलाच्या घरी बारसं होतं. तानबा गेले आणि वाजवून आले. छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे की, डफडं अंगणात ठेवून जाळलं. कातडं जळल्याचा तो वास बाबारावांच्या नाकातून अजून गेलेला नाही. हे त्यांनी उर्वशीला एकदाच सांगितलं, ती शाळेच्या लेझीम पथकात ढोल मागत होती तेव्हा. तिनं पुन्हा ढोलाचं नाव काढलं नाही.

पण शौक म्हणजे काही सर्दी नाही, आठ दिवसांत बरी व्हायला. लग्न झाल्यावर मला दिसलं की ही बाई भाजी ढवळताना चमच्यानं कढईच्या काठावर काहीतरी मोजत असते. मग मोबाईलवर आवाज बंद करून ड्रम वाजवणाऱ्यांचे हात बघायला लागली. पुढे दोन काड्या आणल्या, गोधडीची घडी घातली आणि तिच्यावर वाजवायला लागली. गोधडीचा आवाज येत नाही. अशी वर्षानुवर्षं ती वाजवत होती आणि ऐकणारं कोणी नव्हतं, तीसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या बँडचा पितळी ड्रम भंगारात निघाला. तिनं तो आणला, चिंच लावून घासला, काठाच्या कड्या सुताराकडून सागवानात नव्यानं घडवून घेतल्या, वर नवा पडदा चढवला. वस्तू अशी झाली की बघत राहावं. मग तिनं ती धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवून झाकण लावलं. त्या दिवसापासून सासरे स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी मी मागोमाग जाऊन कोठीला टेकून उभा राहायचो.

यवतमाळला जुन्या आणि हौसेनं घडवलेल्या ड्रमांचं प्रदर्शन भरणार असल्याचं तिला मोबाईलवरच कळलं. वस्तू आणणाऱ्यांना टेबल मिळणार होतं. ती मला म्हणाली, जायचं. मी म्हटलं, मेलो. बाबारावांना आम्ही सांगितलं की दवाखान्याचं ट्रेनिंग आहे आणि मी सोबत चाललोय. त्यांनी डबा भरलेला आहे ना विचारलं आणि लेकीला सांगितलं, मन लावून ऐक. एवढ्यानं बसस्टँडपर्यंत तिनं दोनदा मागं वळून घराकडे बघितलं.

ड्रम पोत्यात होता आणि पोतं माझ्या मांडीवर. त्याच्या पोटाखाली तारा असतात. एसटी खड्ड्यात गेली की त्या खर्रर करायच्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, काय हाये. मी म्हटलं, कुलरची जाळी. ती दारव्ह्यापर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होती. प्रत्येक स्टॉपवर कोणी ओळखीचं चढतंय का म्हणून उर्वशी दाराकडे बघायची, आणि मी तिच्याकडे.

कॉलेजच्या हॉलमध्ये शिरल्यावर मात्र ती पाच मिनिटं सगळं विसरली. कुठं पलटणीच्या बँडचा रंग उडालेला मोठा ढोल, कुठं जुन्या ऑर्केस्ट्राचा शिंपल्यासारखा चमकणारा संच, एका पोरानं तर पाण्याच्या पाइपांचे ड्रम केले होते. हौशी लोक वाकून वाकून कड्या बघत होते, नखानं टिचकी मारून कान लावत होते. उर्वशीच्या टेबलाशी लोक थांबले. प्रफुल्ल नावाचा माणूस माईकवर सगळ्यांची ओळख करून देत होता, त्यानं सागवानी कड्यांचं कौतुक केलं आणि तिचं नाव, गाव, माहेर विचारलं. तिनं सांगितलं. माईकवर आपलं नाव ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला. समोर चार मोबाईल वर झाले होते.

माहेरचं आडनाव आणि मूळ गाव ऐकून मागून एक म्हातारे पुढे आले. मारोतराव. तिच्या आजोबांच्या गावचे शेतकरी, नातवासोबत आले होते. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"अरे, ही त आपल्या तानबाची नात. तानबासारखं डफडं दहा गावांत कोनी नाही वाजवलं."

एका संग्राहकाच्या टेबलावर जुनं डफडं होतं. कोणीतरी ते उचलून थेट तिच्यासमोर ठेवलं. प्रफुल्लनं माईकवर सांगितलं की आता ताई वाजवून दाखवतील. टाळ्या सुरू झाल्या. माणसं वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण त्या वेळी मला असा राग आला की ते डफडं उचलून भिंतीवर मारावं, आणि अशी भीती वाटली की पाय जागचा हलेना. उर्वशीचे हात थरथरत होते. अगदी तिच्या वडलांचे थरथरतात तसेच.

"नाही वाजवत, काका," ती म्हणाली.

"काहून? तुमच्या त रक्तातच हाये."

"माह्या आज्याले बोलावलं की जावंच लागे. मले कोनी बोलावलं म्हनून मी नाही वाजवत."

टाळ्या विरल्या. मारोतरावांना आधी कळलं नाही, मग कळलं असावं. त्यांनी खाली बघितलं आणि डफडं स्वतः उचलून जागेवर नेऊन ठेवलं. लोक इकडेतिकडे बघत चहाकडे गेले. मी म्हटलं, चल, घरी जाऊ. ती खुर्चीत बसून राहिली. तिला श्वास लागला होता, बाळंतीण बायांना सांगते तसा ती स्वतःच मोजून मोजून श्वास घेत होती.

लोक चहात गुंतल्यावर तिनं काड्या काढल्या. कोणी म्हटलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. पहिला ठोका पडला आणि ती स्वतःच दचकली. इतकी वर्षं हातांना जे माहीत होतं ते कानांना पहिल्यांदा कळत होतं. मग ती वाजवत गेली. मला त्यातलं काही समजत नाही, पण मला रडू आलं. लोक कप घेऊन परत आले. मारोतराव दारात उभे राहून ऐकत होते. मोबाईल पुन्हा वर झाले, आणि माझं रडू तिथंच आटलं.

परतीच्या बसमध्ये दारव्हा यायच्या आत माझ्या मोबाईलवर तो व्हिडिओ आला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, दिग्रसची शान. मी मोबाईल पालथा घातला. उर्वशी म्हणाली, बाबांना आला असेल. मी म्हटलं, त्यांना व्हिडिओ उघडता येत नाही. तिनं आठवण दिली की मागच्या महिन्यात मीच शिकवलं होतं. तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. बाबारावांना बीपी आहे. ते खुर्चीत कलंडलेले सापडतील, एवढंच तिला दिसत होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबाराव खुर्चीत होते, ताठ बसलेले, मोबाईल मांडीवर. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं अभिनंदन करून तोच व्हिडिओ पाठवला होता. पोतं माझ्या खांद्यावरच होतं. तारांनी नेमका तेव्हाच आवाज केला.

"कोनं वाजवाले सांगतलं तुले?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाही, बाबा."

"खरं सांग. कोनी बोलावलं होतं?"

"एकानं बोलावलं. तवा नाही वाजवलं. मंग माह्या मनानं वाजवलं."

ते उठले आणि खिडक्या लावायला लागले. एक, मग दुसरी, मग स्वयंपाकघरातली. उर्वशी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता हे सामान बांधतील किंवा आम्हाला बांधायला सांगतील. दारसुद्धा लावून ते परत खुर्चीत बसले.

"माह्या बापानं साऱ्या गावाची बारसी वाजवली. घरच्यासाठी कधी नाही वाजवलं, त्याले तेवढी फुरसदच नाही देल्ली कोनी," ते म्हणाले. "काढ ते. आता बाहेर आवाज नाही जात."

मी पोत्यातून ड्रम काढून समोर ठेवला. उर्वशी खाली बसली. आणि इतक्या वर्षांची सवय म्हणा, भीती म्हणा, तिनं खाटेवरची गोधडी ओढून आधी ड्रमवर टाकली.

बाबारावांनी वाकून ती गोधडी उचलली, नीट घडी घातली आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतली.