पातळ ओठांचा नियम

माणसाचा चेहरा एकदा पाहून त्याच्या पुढच्या तीन पिढ्यांचं भविष्य सांगणारी बाई बालाघाटात एकच होऊन गेली, आणि ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. मी त्यांना काकू म्हणायची. काका सिंचन खात्यात होते, पण घरात बोलण्याचं खातं पूर्णपणे काकूंकडे. दूधवाल्याच्या भुवया जुळलेल्या, म्हणून त्याचं दूध त्या स्वतः उभं राहून मापून घ्यायच्या. पोस्टमनची हनुवटी दबलेली, म्हणून रजिस्टर पत्र आणायला भर उन्हात पोस्टात जायच्या. माझं लग्न गावातल्या गावात ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे कान इतका वेळ निरखले, की साबण राहिला असेल असं वाटून त्या बिचाऱ्याने रुमालाने दोन्ही कान पुसून घेतले. "पोरगा बरा आहे," काकू म्हणाल्या, "पण तिखट खाऊ घालू नको त्याले. संतापी कान आहेत." मी आजही भाजीत मिरची बेतानेच घालते.

आमच्या हिंदी मुलखातल्या गावात मराठी घरांत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असला की काकूंना बोलावणं ठरलेलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्या मुकाट्याने पोहे खायच्या आणि पाहुणे गेल्यावर निकाल द्यायच्या. त्यांचा सगळ्यात कडक नियम ओठांचा होता. पातळ ओठांची बाई कजाग आणि भरल्या ओठांची मायाळू. या नियमापायी त्यांनी चांगल्या चांगल्या मुली नापास केल्या. आता गंमत अशी, की काकूंचे स्वतःचे ओठ पेन्सिलने रेघ ओढावी तेवढेच. हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? शिवाय काकूंइतकी मायाळू बाई मी पाहिली नाही. माझ्या टायफॉइडमध्ये तीन आठवडे पेज त्यांच्याच घरून येत होती.

त्यांची एकुलती एक मुलगी नीता. तिच्यासाठी वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्यांचं स्थळ आलं. मुलगी पसंत पडली. आठवड्याने मध्यस्थ निरोप घेऊन आला, तेव्हा मी काकूंकडेच बसले होते. तो चपला न काढता दारातूनच म्हणाला, "पोरगी चांगली आहे, पण मायचे ओठ पातळ आहेत म्हणतात. घर कजाग असंन. तुम्हीच सांगत असता न काकू?" नियम वारासिवनीपर्यंत पोचला होता. दुसरी कोणी असती तर तिने नियम बदलला असता. काकूंनी ओठ बदलले.

त्या वर्षांत आमच्याकडे मोबाइल नुकते आले होते आणि त्यांच्याबरोबर शहरात काय काय करून मिळतं याच्या बातम्याही. दुसऱ्या गावच्या एका पार्लरवालीने काकूंना ओठांत सुई टोचून काहीतरी भरून दिलं. काय, ते तिलाही ठाऊक नसावं. "विलायती आहे" एवढंच ती सांगायची. पहिल्या दिवशी काकू खूश होत्या. चार दिवसांनी सूज उतरली. त्यांना वाटलं औषधच उतरलं, म्हणून त्या पुन्हा गेल्या आणि मग आणखी एकदा. खरं म्हणजे भरलेलं होतं तिथेच होतं, त्याच्यावर नवा थर चढत गेला. महिन्याभरात वरचा ओठ नाकाला भिडला आणि खालचा भिजवलेल्या मनुक्यासारखा टरारला. बशीतला चहा त्यांच्या हनुवटीवरून पदरावर ओघळायचा. गल्लीतली पोरं हसायची, आणि मला त्या पोरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

पुढचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या मावशीने दबक्या आवाजात विचारलं, "घर में कोई बीमारी है क्या?" नीताने ते ऐकलं. पाहुणे गेल्यावर ती आईला म्हणाली, "माह्यासाठी केलं म्हणू नको आई. मी काही बोलली होती का तुले?"  काकू रडत होत्या, पण ओठ इतके ताठ झालेले, की चेहऱ्यावर रडणंही धड उमटेना.

नागपूरला त्यांना मीच घेऊन गेले. राजेगावला राज्याची हद्द ओलांडून ओळखीची माणसं मागे पडेपर्यंत त्या पदर तोंडावर दाबून बसल्या होत्या. डॉक्टर भले होते, पण त्यांनी काही लपवलं नाही. काही द्रव्यं उताऱ्याचं इंजेक्शन देऊन विरघळतात, हे त्यातलं नाही, म्हणाले. आतल्या बाजूने चीर देऊन थोडंथोडं काढावं लागेल, सगळं निघणार नाही, आणि मांसाबरोबर स्पर्शाची थोडी जाणीवही जाईल. "पहिल्यासारखे होतीन न?" काकूंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यासारखे नाही. आतापेक्षा बरे."

दोन वेळा कापाकापी झाली. ओठ लहान झाले, थोडे वाकडे राहिले आणि आत दोरीसारखा वण आला. नीताने वारासिवनीच्या नव्हे, सिवनीच्या एका मास्तराशी स्वतःच लग्न ठरवलं. त्याच्या घरच्यांनी कोणाच्या नाकाडोळ्यांची चौकशी केली नाही. काकू मंडपात उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. त्यानंतर त्यांनी कोणाचाही चेहरा वाचला नाही. लोक बोलवायचे, तर म्हणायच्या, "मले नाई समजत बाप्पा आता." त्यांच्या त्या बिनबुडाच्या निकालांवर मी जन्मभर हसले, पण ते थांबले तेव्हा गल्लीचा जीवच गेल्यासारखं वाटलं.

नीताचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. न्हाऊमाखू घातलेलं बाळ मी काकूंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पदर बाजूला केला, वाकून बाळाच्या गालाचा मुका घेतला आणि तशाच कितीतरी वेळ राहिल्या. मग मान वर करून लेकीला विचारलं, "टेकले का वं ओठ?"

"हौ आई, टेकले न."

काकूंनी हळूच बाळाच्या गालावरून बोट फिरवलं, कुठे ओलं लागतं का ते पाहायला.