पोह्यांतलं तूस

"मॅडम बोलली, पोरगी मागं हाय. आता सासू काय बोलंल गो?" जिची मुलगी मी नुकतीच तपासली होती, त्या आईचा आतून आवाज आला आणि विसरलेली छत्री घ्यायला परतलेली मी दाराबाहेरच थांबले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी रोह्याजवळच्या वाडीत बाळांची वाढ वयाप्रमाणे होतेय का, ते तपासून फॉर्मवर लिहीत होते. तिच्या अकरा महिन्यांच्या मुलीपुढे मी लाल मणी ठेवला, तर ती तो चिमटीत उचलायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली. अनोळखी बायकांशी बोलायला मी बुजायचे. आईला काही न विचारताच मी फॉर्मवर 'नो' लिहिलं आणि "थोडी मागे आहे" असं पुटपुटले. आता दारातून दिसलं, आई सुपात पोहे निवडत होती. घरभर पोह्यांसाठी भाजलेल्या भाताचा वास होता, आणि तीच मुलगी अंगठा नि बोट जुळवून पोह्यांतलं तूस उचलत होती. मी गुपचूप फॉर्मवर 'येस' केलं आणि छत्री न घेताच निघाले. पण माझं इंग्रजी तिथे कोण वाचणार होतं? त्यांनी ऐकलं होतं ते माझं बोलणं. बांधावरून परत फिरले, तेव्हा सासू दारातच उभी होती. पोहे निवडताना आजही माझे कान तापतात. मान खाली घालून मी म्हणाले, "आजी, पोरगी मागे नाहीये. मीच नीट बघितलं नाही."