बोटीवरचा बाप

खरं बोलून माणसं तोडण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि पुण्यात सापडला नाही म्हणजे इतरत्र शोधण्यात काही अर्थच नाही. माझ्या लग्नात नवरीचे मामा म्हणून तिला मांडवात आणताना ते मधेच थांबले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "मठ्ठा आंबलाय. पंगत बसायच्या आत बघा." अंतरपाट धरलेला, गुरुजी तोंड उघडून उभे, आणि वधूपिता मठ्ठ्याकडे धावताहेत, अशा मुहूर्तावर माझा संसार सुरू झाला. मठ्ठा खरोखरच आंबला होता, हे त्याहून वाईट. बारशाला गेले तर बाळाकडे नीट निरखून बघत आणि "नाक वडिलांवर गेलंय, आता इलाज नाही" असं सांगून येत. "यांना घेऊन समारंभाला जाण्यापेक्षा बोलावणंच न आलेलं बरं," असं मामी म्हणत, आणि हळूहळू बोलावणी येईनाशी झालीही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये मामींच्या फोडणीत लक्ष घालू लागले. तेव्हा मामींनी त्यांना आपल्या एका मैत्रिणीच्या स्वाधीन केलं. येरवड्याला दोन खोल्यांत तिची छोटी संस्था चालते. तुरुंगात असलेल्या माणसांच्या मागे जी बायकामुलं आणि म्हातारे आईबाप उरतात, त्यांच्यासाठी वकील गाठून देणं, मुलांची शाळा सुटू न देणं, बाईला कुठे काम मिळवून देणं, असा तिचा उद्योग. "हे हल्ली येरवड्याला असतात," असं मामी कुणाला सांगत तेव्हा ऐकणारा घाईनं विषय बदली. जुन्या पुणेकराच्या मनात येरवडा म्हटलं की तुरुंग किंवा वेड्यांचं इस्पितळ, आणि मामांच्या बाबतीत दोन्ही शक्य वाटे. मामी खुलासा करण्याच्या भानगडीत पडत नसत.

आम्हाला वाटलं, हा माणूस तिथे आठवडाभर टिकणार नाही. उलट तो तिथेच शोभला. कैद्याच्या भेटीला 'मुलाखत' म्हणतात. त्यासाठी लांबलांबून आलेल्या बायका सकाळपासून तुरुंगाबाहेर ताटकळत असतात. त्यांना गोड बोलणारं कुणी भेटलं की त्यांना आणखीच रडू फुटतं. मामा त्यांना सांगत, "काय रडायचं ते इथं रडून घ्या. आत वेळ थोडा असतो, मधे काच असते, फोनवर बोलायचं असतं. तिथं हुंदके ऐकवायला आलात का?" बायका पदरानं डोळे पुसून खरंच तयार होत. आतल्या माणसानं काय केलं, हे मात्र मामांनी कधी कुणाला विचारलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, ते न्यायाधीश बघतात. त्यांना पगार आहे त्याचा." स्वतःच्या मुलांच्या शाळेची पायरी न चढलेले मामा आता दुसऱ्यांच्या मुलांच्या पालकसभांना हजर राहू लागले. शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, "आपण हिचे कोण?" मामा म्हणाले, "हजर असलेला माणूस. बोला पुढे."

'हिचे'मधली ही म्हणजे धायरीची श्रेया. तिचा बाप टेम्पो चालवायचा. तो आत गेला तेव्हा ती बालवाडीत होती. आई चार घरी पोळ्या लाटून घर चालवत होती. मामा पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या पोरीनं त्यांना सरळ विचारलं, "माझे पप्पा कुठंयत?" आईचा लाटण्यावरचा हात थांबला. आणि आयुष्यात कधी मठ्ठ्याच्याही बाबतीत खोटं न बोललेला हा माणूस म्हणाला, "बोटीवर."

ताईंनी, म्हणजे संस्था चालवणाऱ्या मामींच्या त्या मैत्रिणीनं, त्यांना त्याच दिवशी समजावलं. "मामा, मुलांना पेलेल तेवढंच सांगायचं, पण खरं सांगायचं. खोटं एकदा दिलं की रोज द्यावं लागतं." मामा म्हणाले, "खरं कळायला तिला अख्खं आयुष्य पडलंय. आधी पहिलीत तर जाऊ दे."

मग त्यांनी नवशिक्याच्या उत्साहानं तो बाप बांधायला घेतला. त्यांचा स्वतःचा समुद्राशी संबंध खडकवासला धरणाच्या भिंतीपाशी संपत होता. पण आता ते नकाशे आणू लागले, बंदरं पाठ करू लागले. बोट आज कोलंबोला, पुढच्या खेपेला मोंबासाला. बापाला बोटीवर सगळे 'साहेब' म्हणतात. वादळात त्यानं एका खलाशाला दोरानं वर ओढून घेतलं. तुळशीबागेतून आणलेला शिंपल्यांचा हार श्रेयाच्या गळ्यात पडला तो थेट लंकेहून आलेला. तुरुंगातून बापाचा फोन येई, तोही जेमतेम बोलणं सुरू होतंय तोवर संपणारा, आणि मागे माणसांचा गलका. श्रेया आईला सांगे, "खलाशी आहेत ते. त्यांना पण घरी बोलायचंय." आम्ही घरी हे ऐकून पोट धरून हसायचो. मामींना तेवढं हसू येत नसे. "एवढं माझ्याशी कधी रचून बोलले असते तर," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

बरीच वर्षं गेली, आणि श्रेया पाचवीत असताना बाप सुटून घरी आला. हडकलेला, केस पांढरे झालेला, मोठ्या आवाजानं दचकणारा. श्रेयानं नकाशा पसरला आणि विचारलं, "सगळ्यात भारी बंदर कुठलं?" त्या माणसानं समुद्र पाहिलेला नव्हता. मामांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगायचं ते शिकवलं, आणि तो चारआठ दिवस मान हलवत राहिला. मग एके दिवशी तो बिबवेवाडीला आला. मी तिथेच होतो. चहाला हात न लावता तो खाली बघत म्हणाला, "काका, तुमी पोरीला लई भारी बाप करून दिलाय. त्याच्या जागी मी कसा बसू? दिसभर ती त्याचंच इचारतीया. मला कोन इचारत न्हाई." मामांनी त्याचा निवत चाललेला कप बशीनं झाकला.

त्या संध्याकाळी बापानं पोरीला सगळं सांगितलं. ती रडली. मग तिनं विचारलं, "तिथं पोटभर जेवायला द्यायचे का?" आणि आठवडाभरात ती बापाच्या मागे मागे फिरायला लागली. मामा त्यांच्या घरी गेले तेव्हा तिनं पाहुण्याला देतात तसं तांब्याभांडं आणून समोर ठेवलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो," मामा म्हणाले.

ती आत गेली, ती बाहेर आली नाही. त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही.

हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "बाप फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारायचा. त्यानं तिला फसवलं नाही. बाकी सगळं मी." मामा अजून येरवड्याला जातात, बायकांना दटावतात, वकिलांशी भांडतात. पण मुलाला काय सांगू, असं एखादीनं विचारलं की म्हणतात, "ताईंना विचारा. मला त्यातलं कळत नाही."

गेल्या महिन्यात मी त्यांना स्कूटरवरून सिंहगड रोडनं नेत होतो. सिग्नलला शेजारी एक टेम्पो येऊन थांबला. बापाच्या बाजूला श्रेया बसली होती. बापानं ओळखून हात वर केला. तिनं मामांकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि तोंड फिरवलं. सिग्नल सुटला, टेम्पो धायरीकडे गेला. पुढच्या सिग्नलला मागून मामांचा आवाज आला.

"दोन वेण्या घालायला लागली," ते म्हणाले. "छान दिसतात तिला."