तुमी मोजलं तवा आमी हितं न्हवतो

चुलत्यानं फोनवर फोटो पाठवला तेव्हा मी सोलापुरात, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. फोटो आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेल्या नोटिशीचा होता. खाली त्यानं लिहिलं होतं, 'पोरी, ह्यात आपलं काय हाय का बघ.'

असल्या नोटिसा टाइप करणं हीच माझी नोकरी. 'प्रस्तावित बाह्यवळण रस्त्याच्या संरेखनाबाबत हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' संरेखन, म्हणजे रस्त्याची आखणी, हा शब्द मी आजवर किती वेळा टाइप केला असेल, पण ते कुणाच्या तरी पायवाटेवरून जातं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, कारण नोटिशीत दिलेला गट नंबर आमच्या वस्तीपुढच्या माळाचा होता.

आमचं गाव जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला. गावापासून थोडी लांब, माळाच्या कडेला आमची वस्ती आहे, पंचवीसेक घरांची. मेंढरं, शेळ्या, थोडी कोरडवाहू, अलीकडं कुणाकुणाची डाळिंबं. शाळा, दवाखाना, दूध संकलन केंद्र, पाझर तलाव, सगळं पलीकडं गावात. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये तीन वाटा एकत्र येतात, त्या जागेला आम्ही तिकाटणं म्हणतो. नवा रस्ता बरोबर तिथून जाणार होता. उंच भराव घालून, दोन्ही बाजूंना कठडे लावून.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी गावी गेले. वस्तीतली माणसं आमच्या अंगणात जमली आणि मी नोटीस वाचून दाखवली. पहिल्या दोन ओळींतच माझ्या लक्षात आलं की कुणाला काही कळत नाहीय. मग कागद बाजूला ठेवला आणि काठीनं मातीत रेघ ओढून सांगितलं, रस्ता इथून येणार, इथून जाणार, आणि खालून पलीकडं जायला एकच बोगदा, तो ओढ्यापाशी.

आई चुलीपुढून उठून आली. रेघेकडं बघत म्हणाली, "म्हंजी पोरं साळंला कुनीकडनं जायची?"

"ओढ्याकडनं."

"तितं तर पावसात कमरंएवढं पानी असतंय की."

त्या एका प्रश्नानं सगळ्यांना नोटीस कळली.

सुनावणी जुलैत, समाजमंदिरात होती. सरपंचबाई, ग्रामसेवक आणि रस्त्याच्या कामाची एक तरुण इंजिनिअर बाई, भिंतीवर नकाशा टांगून. आबा, म्हणजे माझे वडील, नेहमीसारखे दारापाशी चपलांजवळ बसले. आयुष्यभर ग्रामसभेत ते तिथंच बसत आले होते. बोलले मात्र कधीच नव्हते. मी अर्ज लिहून आणला होता, तो उभी राहून वाचला. बोगदा तिकाटण्यावर करावा, अशी मागणी होती.

इंजिनिअर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुमचं म्हणणं समजलं. पण बोगदा कुठं करायचा हे आम्ही वाहतुकीवरून ठरवतो. तिथं तीन दिवस माणूस बसवून मोजणी केलीय. तिकाटण्यावरून ये-जा फारच कमी आहे."

मोजणी म्हटल्यावर मी अर्जाची घडी घातली. ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्यापुढं गप्प बसायची सवय असते.

दारातून आबांचा आवाज आला. "कंच्या म्हयन्यात?"

सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी फाईल चाळली. "जानेवारीत, मामा."

आबा उभे राहिले. पटका नीट केला. "म्याडम, तुमी मोजलं तवा आमी हितं न्हवतो."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळी झाली की वस्तीतली निम्म्याहून जास्त घरं मेंढरं घेऊन चाऱ्यामागं बाहेर पडतात. घोड्यावर संसार, पाठीमागं कळप, आज या रानात मुक्काम तर परवा त्या. पावसाचं लक्षण दिसलं की परत. जानेवारीत वस्तीवर म्हातारी माणसं आणि कोंबड्या असतात. पोरंसुद्धा कुणाची आत्याकडं, कुणाची मावशीकडं शाळेला. मी स्वतः तशीच शिकले. आबा हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. आपल्या घराचा रस्ता वाटसरूला सांगावा तसं सांगत होते. कितीतरी वर्षांचं मौन एवढ्या सहज सुटेल असं मला वाटलं नव्हतं.

बाईंनी फाईल मिटली. "हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"कुनी इचारलं न्हाय," आबा म्हणाले आणि खाली बसले.

त्या बाईंची एक गोष्ट मला आवडली. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी नकाशा पंधरा दिवस पुढं पाठवत नाही. पण मला नुसतं 'लई लोक जातात' असं लिहून देऊ नका. कोण जातं, कुठं जातं, केव्हा जातं, ते हवं."

त्याच संध्याकाळी ठरलं की आपण मोजायचं. आठवड्याचा बाजार धरून सलग सात दिवस, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. पुरुष रानात आणि कळपामागं, म्हणून काम बचत गटातल्या बायकांनी उचललं. मी आठवडाभराची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर सांगितलं, घरचं कार्य आहे. खोटं नव्हतं ते.

मोठी वही आणली आणि मी तिच्यात चार रकाने आखले. वेळ, कोण, कुठून कुठं, कशासाठी. तिकाटण्यावर एक बाभूळ आहे, तिच्या विरळ सावलीत पोतं अंथरलं. आईला अक्षरं जुजबीच येतात, बचत गटात शिकली तेवढीच. आकडे मात्र तिला चांगले येतात. ती सांगायची, मी लिहायचे. मी नसले की ती स्वतः लिहायची, कोण या रकान्यात 'दूद', 'साळा', 'मेंडरं'. तिचं अक्षर मोठं, दोन ओळींत एक शब्द बसायचा.

ज्या वाटेनं मी लहानपणी पळत गेले, ती वाट मला त्या सात दिवसांत पहिल्यांदा दिसली. झुंजुमुंजू होतानाच दुधाच्या किटल्या. मग शाळेची पोरं, रमतगमत, एकमेकांची दप्तरं ओढत. सातवा महिना लागलेली एक सून दर दोन दिवसांनी उपकेंद्रात रक्तदाब तपासायला जायची, हळूहळू, कमरेवर हात ठेवून. दुपारी मेंढरांचे कळप तलावाकडं पाण्याला. ट्रॅक्टर, डाळिंबाच्या क्रेटचा टेम्पो, मोटरसायकली. आणि रोज चारच्या सुमाराला काठी टेकत एक म्हातारबाबा गावाकडं जायचे आणि तासाभरानं परत यायचे.

"बाबा, कशाला जाता?" मी वही धरून विचारलं.

"दोस्ताकडं. बोलाया."

मी घुटमळले. कशासाठी या रकान्यात ते लिहावं की नाही?

आई म्हणाली, "लिव की. त्येबी कामच हाय."

मी लिहिलं.

पाचव्या दिवशी गंमत झाली. माझा चुलता, तोच ज्यानं मला फोटो पाठवला होता, शेळ्या घेऊन पलीकडं गेला. आम्ही नोंद केली. अर्ध्या तासानं तो बांधाच्या आडून परत अलीकडं आला आणि पुन्हा त्याच शेळ्या हाकत आमच्यासमोरून निघाला. तोंडावर मोठा साळसूद भाव. मी बेसावधपणे नोंद लिहूनही टाकली.

आईनं त्याला हाक मारली. "भाऊजी, थांबा. त्या बांड्या शेळीचा कान फाटलेला हाय. मगाशी बी ती गेली."

"वहिनी, एवढं काय! आकडा वाढला तर आपल्याच फायद्याचं हाय की."

"तीच शेळी मी दोनदा लिवायची न्हाय."

"कुनाला कळतंय?"

"मला कळतंय की."

चुलता हसण्यावारी न्यायला लागला. आईनं माझ्या हातातून पेन घेतलं, ती ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि बाजूला आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दुबार'. मग त्याला म्हणाली, "आपन खरं हाय म्हनून बसलोय हितं. एक ओळ खोटी निघाली की सगळी वही खोटी."

चुलता दोन दिवस रुसून होता. सातव्या दिवशी मात्र स्वतःच चहाची किटली घेऊन बाभळीखाली आला.

वही घेऊन आई, मी आणि बचत गटातल्या दोघी, अशा आम्ही चौघी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. इंजिनिअर बाईंनी पानं उलटायला सुरुवात केली. सुरुवातीला भराभर, नंतर सावकाश. खोडलेल्या ओळीपाशी त्या थांबल्या.

"हे काय आहे?"

आईनं शेळीची सगळी हकिकत सांगितली, दिराचं नाव न घेता. बाईंना हसू आलं, पण पुढं त्यांनी एकाही नोंदीबद्दल शंका घेतली नाही. म्हणाल्या, "मी येते तिथं. चालत बघते."

आणि खरंच आल्या. पायांत बूट, हातात नकाशा. आबांनी त्यांना आधी वस्तीपासून ओढ्यापर्यंत नेलं, मग तिथून शाळेपर्यंत. शाळेपाशी पोचल्यावर बाई घामाघूम झाल्या होत्या. आबा म्हणाले, "म्याडम, हे एक बाजूचं झालं. पोरांना परत बी यावं लागतंय."

तिकाटण्यावर उभं राहून दोघांची उंचीवरून चर्चा झाली. बाईंच्या नकाशातला बोगदा माणसं आणि जनावरं जातील एवढा होता. आबांना कडब्याची भरलेली ट्रॉली जायला हवी होती. त्यांनी चुलत्याला ट्रॉली आणायला लावली, तिच्या लाकडांवर उभं केलं आणि कडबा कुठवर येतो ते हातानं दाखवायला लावलं. बाईंनी टेप लावला, लिहून घेतलं, मान हलवली. एवढी उंची जमायची नाही, भराव आणखी वर न्यावा लागेल, म्हणाल्या.

अखेर बोगदा तिकाटण्यावर मंजूर झाला. उंची मागितली तेवढी मिळाली नाही, पण आधीच्या नकाशापेक्षा वाढली. ते पत्र मी वस्तीवर वाचून दाखवलं तेव्हा आबांनी एकदा ट्रॉलीकडं बघितलं. "कडब्याचं दोन थर कमी भरू," म्हणाले. तेवढ्यावर तो विषय संपला.

काम व्हायला दोन पावसाळे गेले. बोगदा सुरू झाला तेव्हा उद्घाटन वगैरे काही झालं नाही. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले होते. आमची मेंढरं बोगद्याच्या तोंडाशी आली आणि थबकली. आत सावली, पायाखाली काँक्रीट, वरून गाड्यांचा घरघराट. एकही मेंढरू आत पाय टाकेना. चुलता हाकारे घालून दमला. आबा आत गेले आणि मधोमध भिंतीला पाठ लावून बसले. तंबाखू मळली. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग एक म्हातारी मेंढी हुंगत हुंगत त्यांच्याजवळ गेली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखा वाहत पलीकडं गेला. मी अलीकडं उभी होते. माझ्या बापानं ही वाट मागून घेतली आणि माझ्या आईनं ती खऱ्यानं मिळवली, हे त्या क्षणी मला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. ऐकायला आसपास चुलताच होता. त्याला म्हटलं. तो म्हणाला, "आन् शेळ्या कुनाच्या हुत्या?"

मागच्या पावसाळ्यात दोन गावं पलीकडची चार माणसं मोटरसायकलींवरून आमच्या वस्तीवर आली. त्यांच्याकडं पाण्याची टाकी बांधायची होती, आणि जागेवरून घोळ झाला होता. कुणीतरी त्यांना वहीची गोष्ट सांगितली होती. मी त्या दिवशी घरीच होते. त्यांना वाटलं मी शिकलेली, म्हणून ते माझ्याशी बोलायला लागले. मी आईकडं बोट दाखवलं.

आईनं त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "तुमच्या सभेला बाया येत्यात का?"

एकानं नाही म्हणून मान हलवली.

"पानी कोन भरतंय तुमच्यात?"

"बायाच की, मावशी."

"मग टाकी कुटं पायजे ते तुमाला कसं कळंल? आदी त्येंना बोलवा. बाया बसल्या की मला सांगावा धाडा, मी येते."

आठ दिवसांनी सांगावा आला. आई धुतलेलं इरकल लुगडं नेसली, नवी वही पिशवीत घातली आणि त्यांनी पाठवलेल्या टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली.