काठाचा तुकडा

सॉफ्टवेअरच्या कामासाठी मी पुण्याहून योकोहामाला गेलो, तेव्हा घराजवळ एक लहान संग्रहालय होतं; दर शनिवारी मी तिकडे जाई. तिथे साठीच्या जवळ आलेल्या एक बाई जोमोन लोकांच्या मडक्यांचे तुकडे जुळवत. जपानात भातशेती येण्याआधीची ही माणसं. माझं आडनाव बाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या मला पुणे-सान म्हणत. तुकडा हातात आला की त्या आधी डोळे मिटून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत. ‘डोळे घाई करतात,’ असं त्यांचं म्हणणं.

दालनातलं सर्वांत मोठं मडकं त्यांनीच तरुणपणी जोडलं होतं. शाळांच्या सहली तेच बघायला येत. निवृत्तीला महिना उरला असताना जुनी खोकी आवरताना त्यांच्या लक्षात आलं, की त्याच्या काठाचा एक तुकडा दुसऱ्याच मडक्याचा आहे.

संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले, "राहू द्या. कुणाला कळणार आहे?"

"जिने घडवलं, तिला कळलं असतं."

तो तुकडा त्यांनी स्वतः सोडवला आणि नोंदवहीत चूक आपली असल्याचं लिहिलं. पुढच्या शनिवारी मोठ्या मडक्याच्या काठाला तळहाताएवढी खाच होती.

"वाईट वाटलं असेल तुम्हाला," मी म्हणालो.

"वाटलं ना. दोन दिवस जेवले नाही नीट." मग त्यांनी खोक्यातून एक ओबडधोबड, बुटकं मडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "पण याच्याकडे बघा, पुणे-सान. इतकी वर्षं बिचारं अर्धवट पडलं होतं माझ्यामुळे."